उतारावर कोणाला बसवले?

१

पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे, असे आपण शाळेपासून शिकत आलो. मी स्वतः महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि क्रमिक पुस्तकात छापलेले सांगण्याचा पगार घेतो. परंतु ज्या समाजाने जमीन, पाणवठा आणि स्मशान यांची वाटणी जातीने केली, त्या समाजात पाणी केवळ निसर्गनियमाने घरात शिरते असे म्हणणे ही इतिहासाची फसवणूक आहे. पुरापासून संरक्षण मागणे आणि पुराची आठवण राखणे ही एकच लढाई आहे, असे मला या लेखात मांडायचे आहे. ज्यांच्या पुराची नोंद होत नाही, त्यांच्यासाठी बांध घातला जात नाही.

माझे घर नागपूरच्या दक्षिण टोकाला, हुडकेश्वरला आहे. कालपरवापर्यंत हे शेतीचे गाव होते. २०१३ साली हुडकेश्वर-नरसाळा महानगरपालिकेत आले. त्याच्या आधीपासूनच शेतांचे ले-आउट पडत होते. उमरेड, भिवापूर, कुही, काटोल, नरखेड या तालुक्यांतून नोकरीला लागलेली आमची पहिली पिढी, म्हणजे शिक्षक, एस.टी.चे वाहक, शिपाई, परिचारिका, इथे प्लॉट घेऊन स्थायिक झाली. शहराच्या मध्यभागी आम्हाला जागा परवडत नव्हती. आर.एल. नसलेला, गुंठेवारीतला प्लॉट परवडत होता. ज्याने मला प्लॉट विकला त्याच्या नकाशात रस्ता होता, बगिचा होता, मंदिराची जागासुद्धा होती. नाला मात्र नव्हता. नकाशात नसलेला तो नाला पहिल्याच पावसाळ्यात माझ्या दारात आला.

त्या दिवशी माय पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. मी संतापून म्हणालो, "निदान इथे शहरात तरी पाण्याला जात नसेल असं वाटलं होतं." तिने शांतपणे सांगितले, "बापू, पाणी जात नाही पायत, उतार पायते. पन उतारावर कोनाले बसवलं, थे इचार."

माझी माय शाळेत गेलेली नाही. मी एम.ए.ला जेवढी इतिहासमीमांसा वाचली, तिच्यात हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत मला कुठे आढळला नाही.

२

उतारावर बसवण्याचे शास्त्र जुने आहे. गावाने नदीचे पाणी वरच्या अंगाला भरायचे आणि अस्पृश्यांनी खालच्या अंगाला, हा शुद्धाशुद्धतेचा नियम होता. वरच्यांचे पाणी विटाळू नये म्हणून आम्हाला प्रवाहाच्या खाली ठेवले. वस्तीही त्याच अंगाला, गावकुसाबाहेर, नाल्याच्या काठी वसवली. म्हणजे जो नियम आम्हाला पाण्यापासून दूर ठेवत होता, तोच पुराला आमच्याजवळ आणत होता. पाणी मिळण्याच्या रांगेत आम्ही शेवटचे, पूर येण्याच्या रांगेत पहिले. आजही विदर्भातल्या कितीतरी गावांत बौद्धपुरा शोधायचा असेल तर उताराने चालत जावे.

आमचे गाव नरखेड तालुक्यातले. संत्र्याच्या बागांचा हा मुलूख. मुलताईच्या पठारावर उगम पावून वर्धा नदी खाली उतरते आणि तिच्या काठी मोवाड आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या महापुराने मोवाड उद्ध्वस्त केले. मृतांचा आकडा २०४ आहे. एका छोट्या गावाच्या मानाने हा आकडा काय आहे, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. त्यानंतर पुनर्वसनाची नवी वस्ती उभी राहिली आणि दरवर्षी ३० जुलैला तिथे मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. नागपूर जिल्ह्यातला हा सर्वांत मोठा जलप्रलय असेल. तरी शहरातल्या माझ्या वर्गात मी दरवर्षी विचारतो, मोवाड कोणाला माहीत आहे? एखाददुसरा हात वर होतो, तोही त्याच बाजूच्या मुलाचा.

मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. त्या पावसात आमच्या गावच्या नाल्यानेही पुऱ्यातल्या मातीच्या भिंती बसवल्या. आमच्याकडे कोणी मेले नाही. म्हणून आमच्या पुराला तारीख नाही, आकडा नाही, श्रद्धांजली नाही. मायच्या हिशेबात एक जाते, दोन गोणी ज्वारी आणि लग्नातला पितळी गुंड गेला, एवढीच त्याची नोंद आहे.

बाबा बागांतून मजुरी करत. पूर ओसरल्यावर एका मुकादमाने आमच्या पुऱ्यातल्या माणसांना मोवाडच्या बाजूला कामाला नेले. मी मोठा झाल्यावर बाबांना त्याविषयी खोदून विचारले. ते टाळत राहिले. एकदाच म्हणाले, "मुर्द्याले हात लावाले सारेच होते. ढोरं ओढाले आमीच होतो." एवढे बोलून ते उठून गेले.

मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे त्या वाक्याखाली तारखा मांडत बसलो. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितले की मेलेली ढोरे ओढणे सोडा, मृतमांस सोडा, माणसासारखे राहा. विदर्भातल्या महारांनी हे काम सोडताना बहिष्कार सोसला, मार खाल्ला. १९५६ साली धम्म घेतला. माझ्या आजोबांनी ज्या कामाला नकार दिला, तेच काम पुराने माझ्या बापाच्या हाती पुन्हा दिले, यावेळी 'मदतकार्य' या नावाने. पूर ओसरला की समाजाची मुखवट्याखालची रचना जशीच्या तशी वर येते. कोणी यादी करायची, कोणी भाषण द्यायचे आणि कोणी ढोरे ओढायची, हे विचारावे लागत नाही.

३

मोवाडच्या तीस वर्षे आधी पुण्याने पानशेत पाहिले. बांधकाम अपुरे असतानाच १९६१ च्या पावसाळ्यात पानशेत धरणात पाणी अडवले गेले. बांध खचू लागला तेव्हा सैन्याच्या जवानांनी रात्रभर वाळूच्या पोत्यांची रास रचली. त्यामुळे फुटणे काही तास लांबले आणि १२ जुलैला दिवसाउजेडी धरण फुटले. मागोमाग खडकवासला फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. चौकशीसाठी न्या. बावडेकर आयोग नेमला गेला. काम पुरे होण्यापूर्वीच बावडेकरांचा दुर्दैवी अंत झाला आणि न्या. नाईक आयोग आला. पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, सहकारी सोसायट्या झाल्या आणि त्या घरांखालची जमीन आपल्या मालकीची व्हावी म्हणून त्या लोकांना पुढे कित्येक दशके सरकारदरबारी भांडावे लागले.

पानशेतची आठवण मात्र टिकली. पुण्यात आजही माणसे 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' असा काळ मोजतात. याचे कारण काय? पाणी शिकलेल्यांच्या वाड्यांत शिरले. त्यांच्याकडे लेखणी होती, वृत्तपत्रे होती, आयोगापुढे साक्ष देण्याची भाषा होती. त्यांनी लिहिले याचा मला राग नाही, उलट त्यापासून शिकावे असे मला वाटते. माझा आक्षेप एवढाच की नदीच्या अगदी कडेला झोपड्यांत जे राहत होते, त्यांचे पानशेत आपल्याला आजही फारसे वाचायला मिळत नाही.

आणि ज्यांच्या तक्रारीला लेखणीची प्रतिष्ठा नाही, त्यांचे काय होते हे तिवऱ्याने दाखवले. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील वीसच्या वर माणसे वाहून गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. राज्याच्या तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. खेकड्यांना साक्षीला बोलावता येत नाही, हे या उत्तराचे मोठेच सामर्थ्य होते.

४

दलित चळवळीत पाण्याचा विषय निघाला की आपण चवदार तळ्यापाशी थांबतो. ते स्वाभाविक आहे. परंतु बाबासाहेबांच्या जीवनात पाण्याचे आणखी एक प्रकरण आहे आणि ते थेट बांध फुटण्याशी जोडलेले आहे.

जुलै १९४३ मध्ये बंगालात दामोदर नदीचा डावा बांध फुटला. बर्दवानचा मुलूख बुडाला आणि कलकत्त्याला उर्वरित देशाशी जोडणारा रेल्वेमार्ग तुटला. बंगालचा दुष्काळ तेव्हा ऐन भरात होता आणि महायुद्ध चालू होते. बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिच्यात होते. नदीला दोन्ही बाजूंनी बांध घालून कोंडत राहणे हा उपाय नव्हे, साऱ्या खोऱ्याचा एकत्र विचार केला पाहिजे, हा मुद्दा त्यातून पुढे आला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री डॉ. आंबेडकर होते आणि जलसिंचन व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला दामोदर खोऱ्याविषयीची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकला ओरिसाच्या नद्यांविषयीची परिषद झाली. पाण्याला शत्रू मानून त्याला लवकरात लवकर समुद्रात घालवण्याची जुनी दृष्टी त्यांनी कटकला खोडून काढली. माणसाचे हाल पाण्याच्या अधिक्यापेक्षा पाण्याच्या अभावाने जास्त होतात, म्हणून ते साठवा, त्यातून वीज, शेती आणि नौकानयन साधा, असा त्यांचा विचार होता. पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला.

या गोष्टीचा केवळ अभिमान बाळगून आपण थांबलो तर तीही एक मूर्तिपूजाच होईल. मूळ आराखड्यातली सर्व धरणे झाली नाहीत. पहिल्या टप्प्यात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच उभी राहिली. त्यांच्या जलाशयांखाली आदिवासींची गावे गेली आणि खालच्या दामोदरला पूर अजूनही येतो. तेव्हा धरण बांधले म्हणजे न्याय झाला, असे बाबासाहेबांचे नाव घेऊन कोणी सांगू नये. घेण्यासारखी आहे ती त्यांची पद्धत. बांध फुटला म्हणून त्यांनी नशिबाला बोल लावला नाही आणि केवळ मदतीची पाकिटे वाटून ते थांबले नाहीत. हे का घडले, पुन्हा घडू नये म्हणून कोणाचे काय कर्तव्य आहे आणि त्यासाठी कायदा व संस्था कोणती हवी, असे त्यांनी विचारले. पुराचा प्रश्न त्यांनी दयेच्या खात्यातून काढून राज्याच्या जबाबदारीच्या खात्यात आणला.

५

ज्या १९२७ च्या मार्चमध्ये आपले लोक महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेत होते, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीने बांध फोडले. ग्रीनव्हिल गावाजवळ हजारो काळ्या मजुरांना बांधाच्या अरुंद माथ्यावर छावणीत ठेवले गेले. त्यांना न्यायला बोटी आल्या होत्या, पण त्या जवळजवळ रिकाम्या परत गेल्या. मजूर एकदा गेले की कापसाच्या मळ्यांत परतणार नाहीत, ही मळेवाल्यांची भीती होती. बंदुकीच्या पहाऱ्यात त्यांच्याकडून बांधाची कामे करून घेतली गेली. जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षी दोन समाज पाण्याच्या काठाशी उभे होते. एकाला पाण्याला हात लावू देत नव्हते, दुसऱ्याला पाण्यापासून दूर जाऊ देत नव्हते.

त्या पुरानंतर १९२८ साली अमेरिकेत पूरनियंत्रणाचा कायदा झाला. पुराच्या पाण्याने होणाऱ्या नुकसानीबद्दल केंद्र सरकार जबाबदार धरले जाणार नाही, असे कलम त्यात होते. पुढे २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे पूरबांध पन्नासहून अधिक ठिकाणी फुटले. गरीब काळ्यांच्या वस्त्या छपरापर्यंत बुडाल्या. आरंभी दोष वादळाला देण्यात आला. शहर सोडले नाही म्हणून लोकांनाही देण्यात आला. परंतु सामान्य नागरिकांनी पिच्छा सोडला नाही आणि बांधांच्या रचनेत दोष होते हे २००६ साली ते बांधणाऱ्या लष्करी अभियंत्यांच्या दलाला कबूल करावे लागले. २००८ साली न्यायालयाने या दलावर कठोर ताशेरे ओढले, पण १९२८ च्या कलमामुळे कालव्यांच्या फुटलेल्या भिंतींचा दावा निकालात काढला. म्हणजे एका पुराने जन्माला घातलेल्या कायद्याने ऐंशी वर्षांनी दुसऱ्या पुरातल्या दोषींना वाचवले. मग तिथल्या नागरिकांनी काय केले? जिथे भिंत फुटली तिथेच २०१० साली त्यांनी इतिहासाची पाटी उभी केली. भरपाई नाकारता येते, पाटीवरचे वाक्य नाकारता येत नाही.

६

आता नागपूर. बाबासाहेबांनी धर्मांतरासाठी हे शहर का निवडले ते १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात सांगताना नाग लोकांचा आणि नाग नदीचा उल्लेख केला होता. त्या नदीला आज शहरातली माणसे सहज 'नाला' म्हणतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. दीडशे वर्षांहून जुना अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डीपर्यंत घुसली. माणसे दगावली, हजारो घरांत पाणी गेले. सरकारने घरटी दहा हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर केली.

बाधित नागरिक यावर गप्प बसले नाहीत, याचे मोल मी मानतो. त्यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. सांडव्यासमोरचे स्मारक, नदीपात्रावरची बांधकामे, मातीच्या बांधाची देखभाल, हे सारे प्रश्न न्यायालयात आले. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, नदीवरील पुलांचे आणि बांधाचे काम हाती घेतले गेले. 'अतिवृष्टी झाली' या एका वाक्याखाली जे झाकले जात होते, ते शपथपत्रांत लिहावे लागले.

परंतु पाणी बंगल्यांत शिरले तेव्हा प्रश्न न्यायालयात गेला. नदीकाठच्या झोपड्यांत ते वर्षानुवर्षे शिरत आले, तेव्हा 'अतिक्रमण' हा एकच शब्द पुरेसा होता. इकडे दक्षिणेला हुडकेश्वर-नरसाळ्याच्या अंगाने वाहणारी पोहरा नदी तर शहराच्या बोलण्यातही येत नाही. त्या दिवशी आमच्या गल्लीतही घोटाभर पाणी होते. मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, "याआधी इथे पूर आल्याची नोंद आहे का?" नोंद नव्हती. त्या खुर्चीपुढे उभा असताना मला गावचा नाला आठवला, पितळी गुंड आठवला आणि मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी शिकवत आलो हेही जाणवले.

पूररेषा म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंधांनी, असे तिचे तत्त्व आहे. तत्त्व चांगले आहे. पण हीच रेषा दुधारी आहे. जिथे रेषा नाही तिथे प्लॉट विकले जातात आणि जिथे ती येते तिथे पहिली नोटीस झोपडीला मिळते. म्हणून 'आम्हाला वाचवा' एवढीच मागणी पुरेशी नाही. रेषा आखताना वस्तीचे म्हणणे ऐका, आधी पुनर्वसन आणि मग हटवणे, आणि ज्यांनी नाला बुजवून प्लॉट पाडले त्यांना आधी नोटीस, अशी मागणी हवी. मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन आराखडा २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने सक्तीचा केला आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. आपल्या वस्तीच्या वर कोणता तलाव आहे, त्याची शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारायला पदवी लागत नाही.

७

एक कबुली देऊन थांबतो. आमच्या ले-आउटमधल्या बुद्धविहारात आम्ही बैठक घेतली. प्रत्येक पावसाळ्यात पाणी कुठवर आले त्याची भिंतीवर लाल रंगाने खूण करायची, शेजारी तारीख घालायची आणि एका वहीत कोणाचे काय गेले ते लिहायचे, असे मी सुचवले. बाया लगेच तयार झाल्या. पुरुषांमधून आवाज आला, "सर, खूण केली तर प्लॉटचा भाव पडंन." सगळे शांत झाले. खरे सांगायचे तर माझ्याही डोक्यावर घराचे कर्ज होते आणि तोच विचार माझ्या मनात आधी येऊन गेला होता. विसरण्यात बिल्डरचा फायदा असतो हे मी जाणत होतो. आपणही त्या फायद्यात चिमूटभर भागीदार झालो आहोत, हे मला त्या बैठकीत कळले. गावकुसाबाहेर असताना आमच्याकडे विकायला काही नव्हते. आता एक प्लॉट आहे आणि तो आम्हाला गप्प राहायला शिकवतो.

शेवटी मी माझ्याच घराच्या भिंतीवर खूण केली. दिवाळीआधी रंग देणाऱ्या पोराने ती पुसली. मायने त्याला थांबवून पुन्हा काढायला लावली. दुसऱ्या वर्षी गल्लीत आणखी चार घरांवर खुणा झाल्या, बाकीची घरे अजून कोरी आहेत. वही विहारात ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर बाबांनी सांगितलेली १९९१ ची हकीकत मी लिहिली आहे, ढोरांसकट. बाबांनी ती वाचून घेतली, एक शब्द बदलायला लावला आणि खाली अंगठा न लावता सही केली.

हे त्रैमासिक वाचणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. या पावसाळ्यात विद्यार्थ्यांना आपापल्या पुऱ्यात, मोहल्ल्यात, झोपडपट्टीत पाठवा. म्हाताऱ्यांना विचारायला लावा की पाणी कोणत्या साली कुठवर आले, कोण गेले, काय गेले, वर कोणता बांध किंवा तलाव होता, आधी तक्रार कोणी केली होती, नंतर गाळ कोणी उपसला. तारखेसह लिहून घ्या, दोन प्रती करा, एक विहारात किंवा वाचनालयात ठेवा आणि दुसरी अर्जासोबत कचेरीत देऊन पोच घ्या. पुढच्या वेळी बाबूने नोंद विचारली तर वही पुढे करता आली पाहिजे.